जित्याची खोड

दोस्तांनो, 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचली असेल. आम्हांला मात्र लहानपणापासून वाटायचं, की ही म्हण आमच्याच गावावरून पडली आहे. कारण आमच्या गावाचं नाव जिते!

नकाशात शोधायचं तर रायगड जिल्हा उघडा. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बोट ठेवा. सोमाटणे, रसायनी, आपटा आणि मग जिते. पुढे हमरापूर आणि त्यानंतर पेण. गावाजवळूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. आमच्या शेजारच्या हमरापुरात वर्षभर गणपती घडतात, हे तुम्हांला माहीत असेल. पेणचे पोहे आणि पापड तर तुमच्या स्वयंपाकघरातही असतील. आज मी सांगणार आहे ती गोष्ट मात्र गणपतीची नाही, पोह्यांचीही नाही. ती आहे चिक्कीची. आणि आमच्या घरातल्या एका खोडीची.

झालं असं, की माझा भाचा सुट्टीत मुंबईहून जित्याला आला. सातवीत आहे. संक्रांत जवळ आली होती. त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, त्याच्यासाठी गूळ-शेंगदाण्याची वडी केली. डबा समोर ठेवला. घरात चार पाहुणे बसले होते. भाच्याने एक वडी उचलली, मोडायला गेला तर ती मोडेना, नुसती वाकली. तो हसला आणि म्हणाला, "आजी, ही फसली! लोणावळ्याची चिक्की कशी कट्‌कन मोडते. तुझी नेहमीच फसते."

पाहुणे हसले. आई काही बोलली नाही. तिने डब्याला झाकण लावलं आणि तो उचलून आत ठेवला. भाच्याला वाटलं, आपण गंमत केली. मला त्या झाकणाचा आवाज जरा जास्तच मोठा वाटला.

रात्री मी त्याला विचारलं, "आजीची का वाकते आणि लोणावळ्याची का मोडते, सांगशील?"

"तिला जमत नाही म्हणून."

"हे उत्तर नाही झालं. उद्या लोणावळ्याला जाऊ. बघून येऊ आणि मग सांग."

पेणला आलो आणि खोपोलीची एसटी पकडली. खोपोली हे गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. मान वर केली, की समोर भिंतीसारखा डोंगर. डोंगरावरून खाली उतरणारे मोठमोठे पाइप दिसतात. वर लोणावळ्याकडे धरणं आहेत. त्यांचं पाणी या पाइपांतून धाडकन खाली येतं आणि वीजघरातली चक्रं फिरवतं. १९१५ सालापासून इथे वीज तयार होते आहे. मुंबईच्या कापडगिरण्या या विजेवर चालत.

पण त्याआधीची एक गंमत ऐका. १८५६ साली मुंबईहून येणारी आगगाडी खोपोलीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. पुढे डोंगर! वरच्या बाजूला खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचे रूळ १८५८ साली तयार झाले. मधला घाट मात्र रिकामा. मग प्रवासी काय करत? खोपोलीला उतरत. कुणी पालखीत, कुणी तट्टावर, कुणी पायी असा घाट चढत आणि वर जाऊन दुसऱ्या गाडीत बसत. आपण लोकल बदलतो, तशी ते गाडी बदलत. फक्त दोन फलाटांच्या मध्ये अख्खा सह्याद्री असे!

भाचा म्हणाला, "मामा, आणि भूक लागली तर?"

बरोब्बर प्रश्न विचारलास, मी म्हटलं. तो लक्षात ठेव.

एसटी जुन्या घाटाने वर चढू लागली. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटातून वाट कशी काढावी हे इंग्रजांना सापडत नव्हतं, तेव्हा एका धनगराने ती दाखवली अशी गोष्ट सांगतात. त्याचंच हे देऊळ. गाडीवाले आजही इथे नाणं टाकून पुढे जातात.

रेल्वेचा घाट बांधायचं काम १८५६ ते १८६३ अशी सात वर्षं चाललं. सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात रूळ साडेपाचशे मीटरहून जास्त वर चढवायचे होते. पंचवीस बोगदे खोदावे लागले. चढ कसा, तर काही ठिकाणी ३७ फूट पुढे गेलं, की एक फूट वर! चालताना हा चढ आपल्याला फारसा जाणवणार नाही, पण आगगाडीच्या दृष्टीने तो छातीवर येणारा. १८६१ साली तर या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी आली, अपघात झाले, हजारो माणसं दगावली. कामाचा ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आले आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका स्वतःकडे घेतला आणि जाणकार अभियंत्यांच्या मदतीने काम तडीला नेलं. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला.

आता भूक. डोंगरात दिवसभर घण मारणाऱ्या माणसाला काय खायला द्यायचं? भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. भाजी आंबते. पण भाजलेले शेंगदाणे गुळात घोळवले, की ते टिकतात, खिशात मावतात आणि अंगात ताकद आणतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळजवळ पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि निम्म्याच्या आसपास तेल. वर गुळाची गोडी. म्हणजे मूठभर गूळदाणी ही छोटीशी शिदोरीच.

लोणावळ्यात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिथल्या अग्रवाल कुटुंबाचं मिठाईचं छोटं दुकान होतं. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना ते गूळदाणी विकत. पुढे त्या घराण्यातल्या मगनलाल यांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. 'मगनलाल चिक्की' हे नाव आज महाराष्ट्रभर माहीत आहे. अशा घरोघरच्या गोष्टींना तारखा चिकटवलेल्या नसतात, त्यामुळे कुठले मजूर आणि कुठलं साल याचा हिशेब आपण करत बसायला नको. पण गूळदाणीचं शहाणपण खरं आहे. कष्टाच्या माणसाचं खाणं पुढे सहलीला जाणाऱ्यांचा खाऊ झालं.

आणि हा खाऊ नेमका लोणावळ्यातच का गाजला? त्याचं उत्तर पुन्हा त्या चढात आहे, बरं का! घाट चढायला एक इंजिन पुरत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. ती गाडीला ढकलत वर आणतात आणि वर आल्यावर सोडवली जातात. आता काही गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिनं असतात, तरी अनेक गाड्यांना अजून ही मदत लागते. इंजिन जोडायचं-सोडायचं म्हणजे गाडी थांबणार. गाडी थांबली, की माणसं खिडकीतून हात बाहेर काढणार. म्हणून खाली कर्जतला वडा आणि वर लोणावळ्याला चिक्की! डोंगराने गाडी थांबवली आणि थांबलेल्या गाडीने गावाला नाव दिलं.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. आता पुष्कळ मोटारी गावात न शिरताच निघून जातात. तरीही लोणावळ्याच्या बाजारात पाऊल टाकलंत, तर दुतर्फा चिक्कीच्याच पाट्या. भाचा मोजायला लागला आणि तिसाव्या पाटीनंतर दमला.

आम्ही मोठ्या दुकानात गेलो नाही. ओळखीतून एका घरगुती कारखान्याचा पत्ता मिळाला होता. कारखाना म्हणजे काय, घराच्या मागची पत्र्याची लांबट खोली. आई-वडील, मुलगा, सून आणि चार कामगार. आत शिरताच गुळाचा असा खमंग वास आला, की भाचा क्षणभर उभाच राहिला.

एका कोपऱ्यात शेंगदाणे भाजून गार झाले होते. दोन बायका ते चोळून सालं काढत होत्या आणि सुपाने पाखडत होत्या. सालं भुर्रकन उडत आणि दाणे टपटप सुपात परत पडत. मग त्या एकेक काळपट दाणा वेचून बाजूला टाकत. "एक करपका दाणा गेला ना, तर अख्खी वडी कडू लागते," त्यांतली एक म्हणाली. भाच्याने पाच मिनिटं वेचून पाहिलं. त्याने वेचलेल्या सुपातून बाईंनी आणखी सात दाणे काढले!

भट्टीवर मोठी कढई होती. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घेतला होता, म्हणजे कचरा आणि खडे निघून जातात. आता तो रटरटत होता. कढईपाशी घरातले काका उभे होते. वय साठीच्या पुढचं. एका हातात लांब दांड्याचा उलथणं आणि शेजारी स्टुलावर एक वाडगा. वाडग्यात गार पाणी.

"या वाडग्यात आमचा धंदा आहे," ते म्हणाले.

त्यांनी पाकाचा एक थेंब पाण्यात टाकला. बोटांनी चिमटीत धरून वर काढला. मऊ गोळी झाली होती. "ही गोळीबंद. अजून वेळ आहे." दोन मिनिटांनी पुन्हा थेंब टाकला. या वेळी गोळी घट्ट झाली, पण दाबली तर दबत होती. "अजून नाही." कढईवरचे बुडबुडे लहान होऊ लागले, रंग गडद झाला. तिसऱ्यांदा थेंब टाकला, उचलला आणि वाडग्याच्या काठावर आपटला. टण्‌! काचेसारखा आवाज आला. काकांनी चिमटीत धरून मोडला. कट्‌!

"टाक!" ते ओरडले. मुलाने शेंगदाण्यांची पाटी कढईत उपडी केली. भराभर ढवळलं. दोघांनी कढई उचलून तेल लावलेल्या टेबलावर ओतली. आणि मग जे सुरू झालं ते पाहताना आम्ही श्वास रोखून धरला. लाटणी फिरली, गोळा पसरला, सारखा झाला, लगेच कापणीचं चाक उभं-आडवं फिरलं. सगळं दोन-तीन मिनिटांत. कारण त्यानंतर ती लाटताही येत नाही आणि कापताही येत नाही, नुसते तुकडे होतात. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाला आपलं काम ठाऊक होतं.

भाच्याने काकांना विचारलं, "काका, अमकीच वेळ बरोबर, हे तुम्हांला कसं कळतं?"

मुलानेच उत्तर दिलं. तो शास्त्र शिकलेला होता. त्याने खिशातून तापमापक काढला. पाणी १०० अंशांना उकळतं. पण पाकातलं पाणी जसजसं उडून जातं, तसतसा पाक जास्त तापू शकतो. म्हणजे पाकाचं तापमान पाहिलं, की त्यात पाणी किती उरलंय ते कळतं. गोळीबंद पाक ११५ अंशांच्या आसपास असतो. त्यात अजून बरंच पाणी असतं, म्हणून तो मऊ राहतो. कट्‌ वाजणारा पाक १४५ ते १५० अंशांचा. त्यात पाणी जेमतेम शंभरात एक-दोन भाग.

"आणि कट्‌ का वाजतं?" भाच्याने विचारलं.

हे मी तुम्हांला शाळेच्या भाषेत सांगतो. समजा, मधल्या सुट्टीत मैदानावर सगळी मुलं पळताहेत. घंटा झाली आणि सगळी हळूहळू रांगेत उभी राहिली, तर झाली खडीसाखर. साखरेचे कण असेच शिस्तीत उभे राहतात, तेव्हा स्फटिक बनतात. पण समजा, सरांनी एकदम "स्टॅच्यू!" म्हटलं आणि जो जिथे होता तिथेच थिजला, तर? ती झाली चिक्की. पाक इतका झटपट गार होतो, की कणांना रांग लावायला वेळच मिळत नाही. खिडकीची काचही अशीच थिजलेली असते. म्हणून चिक्की काचेसारखी मोडते. गुळात साखरेशिवाय दुसऱ्याही शर्करा असतात. त्या मध्येमध्ये येतात आणि रांग आणखी बिघडवतात. काही कारखानदार त्याचसाठी थोडं ग्लुकोजही घालतात.

या काचेचा शत्रू एकच, ओलावा. हवेतलं पाणी ती शोषून घेते आणि चिकट होते. आता गंमत पाहा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. जिथे ओलावा सगळ्यांत जास्त, तिथेच ही कोरडी वस्तू बनते! म्हणून चिक्की गार झाली, की लगेच हवाबंद पाकिटात जाते. पावसाळ्यात तर जास्तच घाई.

"मग तापमापक आहे, तर काका वाडगा कशाला वापरतात?" भाच्याने हळूच विचारलं. काकांना ऐकू गेलं.

"आम्ही दोघांनी महिनाभर पैज लावली होती," ते हसत म्हणाले. "त्याचा तापमापक आणि माझा वाडगा. दोघेही एकाच वेळी 'टाक' म्हणायचो. पण गूळ बदलला, की माझा वाडगा आधी ओळखतो. नवा गूळ, जुना गूळ, पावसाळी गूळ, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा."

मुलगा म्हणाला, "म्हणून मी आता वहीत लिहून ठेवतो. कुठला गूळ, किती अंश, बाबांनी कधी 'टाक' म्हटलं. उद्या बाबा भट्टीपुढे उभे राहू शकले नाहीत तर? मोठ्या कारखान्यांकडे यंत्रं आहेत. आमच्याकडे बाबांची बोटं आहेत."

काका त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी बोटं पुढे करून भाच्याला दाखवली. टोकांवरची कातडी जाड आणि गुळगुळीत झाली होती. "लहानपणी माझ्या वडलांनी वाडगा हातात दिला, तेव्हा पहिल्या दिवशी तीन बोटं भाजली," ते म्हणाले. "माझ्या मुलाने तापमापक आणला ते बरंच केलं."

परतताना एसटीत भाचा गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आजी फक्त लवकर थांबते. गोळीबंदवर. तिला कुणी सांगितलंच नसेल. आपण सांगू."

घरी आल्यावर त्याने आजीला सगळं समजावून सांगितलं. एकशे पंधरा काय, दीडशे काय, स्टॅच्यू काय! आई कौतुकाने ऐकत होती. मग दोघांनी मिळून पाक केला. वाटीत गार पाणी घेतलं. गोळीबंद झाल्यावर आईचा हात सवयीने गॅसकडे गेला. "थांब आजी, अजून नाही!" भाचा ओरडला. ती थांबली. थेंब टण्‌ वाजल्यावर तिने दाणे टाकले. वड्या पाडल्या. गार झाल्यावर भाच्याने एक मोडली. कट्‌! पोरगा नाचायचाच बाकी राहिला.

त्याने एक तुकडा आजीच्या हातात दिला. तिने तोंडात घातला. जरा वेळ इकडून तिकडे फिरवला आणि हळूच काढून हातात धरला.

"छान झाली रे," ती म्हणाली. "पण मला चावत नाही."

तेव्हा कुठे भाच्याला दिसलं. आजीला मागचे दात नाहीत.

"म्हणून तू मऊ करतेस?"

"माझे दात आत्ता गेले रे. मऊ करायला लागले ती तुझ्या आजोबांसाठी. त्यांना गूळदाणी फार आवडायची, पण दात लवकर गेले. मग मी पाक अलीकडेच थांबवायला लागले. ते गेले त्याला आता बारा वर्षं झाली. हात मात्र तिथेच थांबतो."

मग ती हसून म्हणाली, "जित्याची खोड, दुसरं काय!"

भाच्याने आत जाऊन तो झाकण लावलेला डबा आणला. त्यातली एक मऊ वडी काढून आजीला दिली आणि एक स्वतः खाल्ली. सावकाश खाल्ली. मुंबईला जाताना त्याने दोन डबे नेले. एकावर चिठ्ठी लावली होती 'कडक, १५० अंश'. दुसऱ्यावर लिहिलं होतं 'आजोबांची'.

मुलांनो, तुम्हांलाही घरी हा प्रयोग करायचा असेल, तर एकट्याने मुळीच करू नका. पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. आई, बाबा किंवा आजी यांना कढईपाशी उभं करा. तुम्ही वाटीत गार पाणी घ्या. मोठ्यांनी चमच्याने थेंब टाकायचा, तो पाण्यात पुरता निवला, की मगच तुम्ही उचलायचा. गोळीबंद, घट्ट आणि कट्‌ अशा तीन पायऱ्या ओळखता येतात का पाहा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना एक विचारा. तुमचा हात कुठल्या पायरीवर थांबतो, आणि तो तिथे थांबायला कुणी शिकवलं?

उत्तर वहीत लिहून ठेवा. लोणावळ्याचा तो मुलगा लिहितो तसं.